तुमच्या सिनेमातलं सरकार

अण्णा,

तक्रार एका खुर्चीबद्दल आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्यानं नोंदवतो आहे. तुमची वेताची खुर्ची, जिच्या डाव्या हातावर चहाचा कप टेकवून टेकवून तुम्ही गोल डाग पाडून ठेवलात, ती अजून आपल्या अंबरपेठच्या घरात टीव्हीसमोर आहे. तिच्यात बसायची मला मनाई आहे. घर माझ्या नावावर आहे, खुर्चीचा वेत तुमच्या माघारी मीच पुन्हा विणून घेतला, गादीची खोळ मीच निवडली (रंग चुकला, हे मान्य). तरी रविवारी दुपारी तुमची नात सिनेमा लावते आणि मी त्या दिशेनं नुसता वळलो तरी म्हणते, "बाबा, तिथं नको ना. ती आजोबांची सीट आहे." रिकामी असते ती. रिकाम्या खुर्चीसमोर ती शेंगदाण्यांची वाटीसुद्धा सरकवते. मला वाटी मागून घ्यावी लागते.

सिनेमे कोणते, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचेच. मोठी सरकारी इमारत, लांबच लांब कॉरिडॉर, करड्या सुटातला एक मृदुभाषी माणूस, आणि एक सामान्य जीव, ज्याला नको ते कळलेलं आहे. फोन करायला तो बूथमध्ये शिरला की आपण समजायचं, बाहेर काळी गाडी थांबली असणार. आता बूथ गेले, मोबाईल आले. गाडी काळीच आहे. तुमची नात हायटेक सिटीत कंप्युटरच्या कंपनीत दिवसभर काम करते, मराठी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते, पण कुठल्या देशाच्या कुठल्या खात्यानं काय दडपलं, हे तिला इंटर्व्हलच्या आधी कळतं. ते तिला कुणी शिकवलं, हेही ती सांगते. दर रविवारी सांगते. "आजोबा असते ना, तर या माणसाला पहिल्या सीनमध्येच पकडलं असतं." मी एकदा म्हटलं, की ज्याला एवढी मोठी गोष्ट लपवायची आहे तो पार्किंगमध्ये उभा राहून मोठ्यानं का बोलेल? तर म्हणाली, "बाबा, तुम्ही लॉजिक नका लावू हो, प्लीज. मूड जातो." तिची आई लसूण सोलता सोलता हसली. मी न्यायशास्त्र, म्हणजे लॉजिकच, शिकवतो, अण्णा, त्यावरच माझं पोट आहे.

मत्सर हा षड्रिपूंत शेवटचा. वर्गात तो येईपर्यंत तासाची घंटा होते, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या मत्सराविना पास झाल्या. मला मात्र तो लहानपणीच, कामक्रोधांच्याही आधी भेटला. आबिड्सच्या त्या इंग्रजी सिनेमाच्या थिएटरात.

शनिवारी तुमचं ऑफिस दुपारी सुटायचं. तुम्ही सरकारी खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून, चाचा तिथेच दफ्तरी, फायली बांधणारे. चाचा नामपल्लीहून सायकलवर यायचे, थिएटरच्या भिंतीला सायकल लावायचे आणि दोघं मिळून आत शिरायचात. घरात तुम्ही बोलायचात ते मीठ, वर्तमानपत्र आणि पंख्याचं बटण एवढ्यापुरतं. आईनं ऑफिसबद्दल विचारलं तर तुमचं एकच उत्तर, "चाललंय." मला वाटायचं, आपले वडील मुळात कमी बोलणारे आहेत, काही जण उंच असतात तसे. मग तुम्ही एकदा मला बरोबर नेलंत, आणि मला कळलं की तुम्ही बोलता. भरपूर बोलता. फक्त आमच्याशी नाही.

कारण चाचांना इंग्रजी येत नव्हतं. दिवे गेले की तुम्ही त्यांच्या कानाशी झुकून सगळा सिनेमा दखनीत सांगायला लागायचात, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत. मी तुमच्या पलीकडच्या खुर्चीत. तुमची पाठ माझ्याकडे.

"क्या बोल रा वो गोरा?"

"बोल रा, कागज़ मेरे पास हइ, अब देखो तुम लोगां."

"अरे, तो जल्दी निकल ना मियाँ! और ये चष्मेवाला कौन?"

"ये अपना डिप्टी सेक्रेटरी समझो."

"हौ! सूरत से इच दिख रा!"

मागच्या रांगेतलेसुद्धा गप्प बसून तुमचंच ऐकत होते. मी तुमच्या शर्टाच्या पाठीकडे बघत होतो. बांगडीच्या आवाजावरून आई कुठल्या खोलीत आहे हे ओळखणारा मी, मला तुमचा हा आवाज माहीतच नव्हता. त्यात गंमत होती, भीती होती, मध्येच दम खाणं होतं. हा आवाज तुम्ही रोज संध्याकाळी कुठे काढून ठेवता, असं मला विचारायचं होतं.

आणि मग तो प्रसंग. कागदवाला माणूस पुलावरून नदीत पडला. वर गोळ्या झाडणारे थांबले, पाण्यात खाली बघितलं, गाडीत बसून गेले. पडद्यावर शेवटची पाटी. चाचा पुढे झुकलेले. "गया क्या?" तुम्ही अजिबात न अडखळता म्हणालात, "गया कैसा? तैरना आता उसको. आगे जाके निकलता, कागज़ अखबार में छपता, सब लोगां अंदर." चाचांनी मोठा सुस्कारा सोडला. माझी शाळा मिशनऱ्यांची; मला पाटीवरची अक्षरं वाचता आली होती आणि पाणी लाल झालेलंही दिसलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, पण तो तर मेला ना?"

तुम्ही माझ्या गुडघ्याला एवढा चिमटा काढलात, की चड्डीखाली वळ उठला. "गप्प. तुला काय कळतं त्यातलं."

कटात सामील करून घेतलं आणि पहिल्याच दिवशी मी फितूर झालो. पुन्हा मला कधी नेलं नाहीत. त्याच महिन्यात मागच्या गल्लीतल्या गुरुजींकडे संस्कृतला घातलंत, शनिवारी दुपारी, अगदी सिनेमाच्या वेळेला. लोक मला विचारतात, तुम्ही या शास्त्राकडे कसे वळलात. मी भारतीय ज्ञानपरंपरेबद्दल काहीतरी बोलतो.

पण त्या दिवशी परत येताना मी तुमच्या दोघांच्या मागून चालत होतो, आणि तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी जपून ठेवलं आहे. चाचा सायकल हातात धरून चालत विचारत होते, की साहब, अपने महकमे में भी ऐसा कुछ दबाते होंगे? तुम्ही रस्त्यातच थांबलात. हसायला लागलात. म्हणालात, "दबाते? अपने को दबाना आता इच नै, चाचा. अपना तो गुम होता." मग समोशाच्या गाडीवर कांद्याचे समोसे घेता घेता तुम्ही सांगत सुटलात. ते सिनेमातलं सरकार बघा, किती हुशार! एक कागद दडवायचा तर केवढी माणसं, केवढ्या गाड्या, सगळ्यांना सगळं माहीत, सगळे वेळेवर हजर. असं सरकार आपल्याला मिळालं तर कर भरायला मी रांगेत पहिला. आपल्याकडे कागद कुणी दडवत नाही, कारण कागद कुणी वाचतच नाही. म्हणून तर आपण इथं तिकीट काढून येतो. घटकाभर असं सरकार बघायला मिळतं, की ज्याला एका कारकुनाला काय माहीत आहे याची भीती वाटते.

या सिनेमांचं आकर्षण कशात आहे, यावर मी पुढे बराच विचार केला, जाणकारांचं ऐकलंही. त्या समोशाच्या गाडीच्या पुढे कुणी गेलेलं मला दिसलं नाही. आपल्याला जे ठाऊक आहे त्याला किंमत आहे, इतकी, की त्यापायी कुणीतरी काळी गाडी पाठवेल. याहून मोठा मान सामान्य माणसाला कोण देणार? मी त्यात माझ्या शास्त्राची एक पुस्ती जोडतो. आमचे शेजारी मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हेही एक प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, उजेड पुरेसा आहे, डोळे शाबूत आहेत, तर घडा तिथं नाही. इतकं सोपं. तुमच्या सिनेमातला नायक त्याच जमिनीकडे बघतो आणि म्हणतो, घडा दिसत नाही, म्हणजे तो कुणीतरी उचलला. आणि बघा, जमीन किती स्वच्छ पुसली आहे! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. आमच्या घरात या गोष्टीवर हसणं एके काळी बंद झालं होतं.

कारण शेवटच्या वर्षांत तुमचा कंगवा दिसेना. मग पेन, मग कपाटाची किल्ली, मग डाव्या पायाची चप्पल. तुम्ही म्हणायचात, "कोणीतरी नेलं." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पुढे काय काय होईल तेही सांगितलं. मी नैयायिक. मी दर वेळी पुरावा घेऊन हजर व्हायचो. "अण्णा, हा बघा कंगवा. गिझरवर होता. तुम्हीच ठेवलात." मला वाटायचं, खरं समोर ठेवलं की माणूस सावरतो.

तुमच्या नातीला मात्र असलं काही वाटलं नाही. शाळेत नुकती जायला लागली होती ती. कंगवा गेला म्हटल्यावर तिनं पडदा ओढून घेतला आणि हळूच विचारलं, "आजोबा, शेवटचा कोणी पाहिला?" तेव्हापासून तुम्ही दोघं एका पक्षात. टेबलावर दोनदा टकटक म्हणजे कोणीतरी येतंय. चहाच्या कपाची बशी उलटी म्हणजे इथं बोलू नका. तुम्ही खुर्चीत, ती पायाशी, टीव्हीवर जुना सिनेमा, आणि तुम्ही तिला मराठीत सांगताय, त्याच आवाजात. मी दारात उभा राहून ऐकायचो. चाचा जाऊन तेव्हा किती काळ लोटला होता. तो आवाज तुम्ही त्यांच्याबरोबर पाठवून दिला असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. मी आत पाऊल टाकलं की टकटक. आणि बशी उलटी.

एका दुपारी मी किल्ली शोधून आणली, देवघरातल्या उदबत्तीच्या डबीतून. म्हटलं, "तुम्हीच ठेवलीत, अण्णा." तुम्ही किल्ली घेतली नाहीत. माझ्याकडे वर पाहिलंत. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. तुम्ही फार सभ्यपणे पाहिलंत, करड्या सुटातल्या माणसाकडे पाहतात तसं, ज्याच्याशी इथून पुढे जपून बोलायचं. मग नातीकडे झुकून म्हणालात, "हा पण त्यांच्यातला." ती लहान होती, तिनं मान डोलावली. तुमच्या शेवटच्या सिनेमात तिला नायिकेची भूमिका मिळाली आणि मला सरकारची. तुम्ही गेलात तोवर त्यात बदल झाला नाही.

म्हणून ती खुर्ची मला डाचते. तुमच्या आजारातलं गोड तेवढं तिच्या वाट्याला आलं. औषधं, दाराला लावलेली वरची कडी, खिशात ठेवलेली तुमच्या पत्त्याची चिठ्ठी, हे सगळं माझ्याकडे. तिच्याकडे टकटक.

गेल्या उन्हाळ्यात आणखी गंमत झाली. तो पुलाचा सिनेमा तिला कुठेतरी सापडला. लहानपणी तो तिनं तुमच्याकडून ऐकलेला. ती उत्साहानं आईला घेऊन बसली आणि शेवटाला ताडकन उठली. "ए आई! हा तर मरतो! आजोबांनी तर सांगितलं होतं पोहत जातो म्हणून. पेपरात छापून येतं म्हणून!" मी वर्तमानपत्राआडून म्हणालो, "मरतो. पहिल्यापासूनच मरतो." तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. "मग मला कधी सांगितलं का नाही?" मी गुडघा चोळला. ती बराच वेळ खुर्चीकडे बघत होती. मग हसायलाच लागली. "काय माणूस होता! एवढं मोठं कव्हर-अप, आणि माझ्याच घरात." त्या रविवारी वाटीतले सगळे शेंगदाणे खुर्चीसमोरच राहिले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इथवर टाळत आलो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मध्यंतरी वर्गात शिकवताना माझा एक शब्द हरवला. अवघड शब्द नव्हे. धूर आणि अग्नी यांचं नातं जिच्यावर उभं आहे ती 'व्याप्ती', जो शब्द मी आयुष्यभर रोज वापरला. मी हात वर करून थांबलो आणि शब्द आलाच नाही. मुलं वाट बघत राहिली. शेवटी खिडकीबाहेर बघत मी म्हटलं, "विचार करा." तास संपल्यावर एक विद्यार्थिनी सांगायला आली, "सर, तुमचा पॉज फार डीप होता." मी नम्रपणे मान लववली. मग घड्याळ दिसेना. घरी सांगितलं, दुरुस्तीला टाकलंय. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून परतताना वळण चुकलो. सांगितलं, मुद्दाम लांबून आलो, चालणं होतं. सरकारं हे कसं करतात ते आता मला कळतं, अण्णा. अवघड काहीच नसतं. फक्त पहिलं निवेदन दिलं की दुसरं द्यावं लागतं.

परवा रविवारी चष्म्याचं घर सापडेना. मी सगळीकडे पाहिलं. उजेड पुरेसा होता, डोळे शाबूत होते. आणि मी बाहेरच्या खोलीत येऊन मोठ्यानं म्हणालो, "कोणीतरी उचललंय." मी म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.

टीव्ही थांबला. नात उठली, म्हणजे माझी मुलगी उठली, कुठेही न शोधता सरळ तुमच्या खुर्चीपाशी गेली आणि गादीखाली हात घालून घर काढून दिलं. "मीच ठेवलं होतं, बाबा. सॉरी हां." अगदी सहज. न अडखळता. गया कैसा, तैरना आता उसको.

तिनं ठेवलं नव्हतं. घरात कुणी नसलं की मी तुमच्या खुर्चीत बसतो. अधूनमधून नाही, रोज. दोघी बाहेर गेल्या, की तुमच्या कपाच्या डागावर माझा कप ठेवून बसतो. आदल्या दिवशी दुपारीही बसलो होतो आणि चष्म्याचं घर मीच तिथं सरकवलं असणार. तिला हे माहीत होतं, म्हणजे मी तिथं बसतो हेही तिला बहुधा केव्हाचं माहीत आहे. आधी मला आनंद झाला, खरं सांगतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी शेवट बदलून सांगितला होता.

पण काल स्वयंपाकघरात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी पाण्याला गेलो आणि बोलणं थांबलं. तिची आई ओटा पुसायला लागली, आधीच पुसलेला. मुलीनं फोन पालथा ठेवला. "काय चाललंय?" मी विचारलं. "काही नाही, बाबा." त्या खरंच माझ्यापासून काही लपवत आहेत, की मला तसं दिसू लागलं आहे, हे ठरवायला माझ्या सगळ्या शास्त्रात एकही प्रमाण नाही. दोन्ही बाजूंनी धूर तेवढाच दिसतो.

हे पत्र पाठवायचं नाही, ते तर उघडच आहे. आबिड्सच्या मोठ्या पोस्टातही तुमचा पत्ता चालणार नाही. घरात ठेवावं, तर मला सापडायचं नाही आणि तिला नक्की सापडेल. जोडाक्षरांपाशी अडखळेल, पण वाचेल. म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. फाडण्याआधी एवढंच. मला शब्द हरवण्याची तितकीशी भीती नाही. चष्म्याच्या घराचीही नाही. काल ती "काही नाही, बाबा" म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. मी कसं पाहिलं असेल ते मला आरशात बघावं लागलं नाही. तसं तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलेलं आहे.